चाळीसचा बल्ब

वायरमनने स्वयंपाकघरातला जुना बल्ब फिरवून काढला, बाहीने त्याची काच पुसली, काचेवर काही लिहिलेलं सापडलं नाही म्हणून तो उलटा केला, पितळी टोपीवरचा तेलकट थर अंगठ्याने घासला आणि स्टुलावर उभ्या उभ्याच मोठ्याने वाचलं, “चाळीस.”

त्याला ते वाचणं भागच होतं. जुना जेवढ्याचा असेल त्याच्या हिशेबाने नवा बसवा, असं आमच्या मुलीने त्याला फोनवर बजावलं होतं. माणूस चोख होता. पन्नाशीचा, अंगाने जाड, त्याच्या पायाखाली स्टूल कुरकुरत होतं. “किती वर्षांचा आहे हो आजोबा हा?” त्याने विचारलं. मी म्हणालो, चौदा. “चौदा! असा लाखात एखादा निघतो. आता मिळतसुद्धा नाहीत हे. काचेच्या कपाटात ठेवा.” तो हसला. मीही हसलो असेन. नक्की सांगता येत नाही, कारण मी खाली बघत होतो. खाली ओट्याला पाठ टेकून, पाय पसरून माझी बायको मटार सोलत बसली होती, आणि तिच्या हातातली शेंग अर्धी उघडून थांबली होती. तीन वर्षांपासून तिला काहीही दिसत नाही. तेव्हापासून तिचा चेहरा फारसं काही सांगत नाही. जे काही कळतं ते हातांवरून. शेंग थांबली. मग अंगठा पुन्हा आत शिरला, दाणे ताटलीत पडले आणि ती पुढची शेंग चाचपू लागली. एवढंच झालं. तेरा वर्षं ती समजून होती की तो बल्ब पंचवीसचा आहे. मीच तिला तसं सांगितलं होतं.

वायरमन नवा दिवा बसवून बाहेरच्या खोलीत गेला. मी त्याच्यामागून गेलो नाही. जुना बल्ब त्याने माझ्या हातात दिला होता आणि तो कुठे ठेवावा हे मला सुचेना. आमच्या घरात चालू असलेली वस्तू टाकत नाहीत. बंद पडलेलीसुद्धा लगेच टाकत नाहीत. ती आधी थोडे दिवस खिडकीत राहते, न जाणो सुधारली तर. आमचं लग्न झालं तेव्हा दोन खोल्या होत्या, आजही त्याच आहेत, आणि पहिल्याच महिन्याचं विजेचं बिल आलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक नियम केला होता: एका वेळी एक दिवा. ती स्वयंपाकघरात असेल तर मी माझं बाड उचलून तिथे जायचं आणि दारातल्या पाटावर बसायचं. मी बाहेर बसलो असेन आणि तिला काही शोधायचं असेल तर तिने अंधारात चाचपून आणायचं, किंवा मी उठून बाहेरचा बंद करायचा आणि आतला लावायचा. हे आम्हाला कधी दुःखाचं वाटलं नाही. उलट पहिल्या वर्षांत त्यामुळे आम्ही सतत एकाच खोलीत असायचो. पुढे मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिघं एका बल्बखाली बसायचो. ती गणितं करायची, मी छापखान्यातून घरी आणलेली प्रुफं तपासायचो, आणि बायको शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यांची काजं करायची. “आमच्याकडे सूर्य दोनदा मावळतो,” मुलगी मैत्रिणींना सांगायची. “एकदा सगळ्यांबरोबर आणि एकदा बाबा जागेवरून उठले की.” मला ते आवडायचं. घरात आपल्यावर विनोद होतो म्हणजे आपण घरात आहोत, असं मला वाटत आलंय. मी फारसा बोलणारा माणूस नाही. छापखान्यात तीस वर्षं होतो तेव्हाही माझा आवाज ओळखणारे दोन-चारच असतील. बाकीच्यांना माझं अक्षर माहीत होतं, समासात केलेल्या खुणांमुळे.

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर मी पोट भरलं. हे वाक्य मी मनात अनेकदा लिहून पाहिलंय आणि दरवेळी खोडलंय, कारण ते जरा ऐटबाज वाटतं आणि ऐट करावी असं माझ्याकडे काही नाही. काम साधं होतं. छापलेला कागद मूळ कागदाशी ताडून बघायचा आणि जिथे फरक असेल तिथे खूण करायची. मूळ मजकूर खरा की खोटा हे बघणं आमच्याकडे नव्हतं. लेखकाने खोटंच लिहिलं असेल तर ते तसंच, शुद्ध, छापून जायचं.

मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षी मी स्वयंपाकघरातला साठचा बल्ब काढून हा चाळीसचा लावला. तेव्हा खरंच लावला. तिची फी चार हप्त्यांत भरायची होती, चार वर्षांचे चार, आणि प्रत्येक हप्ता माझ्या तीन पगारांएवढा होता. बायकोने एक पत्र्याचा डबा रिकामा केला, त्यात कधी काळी बिस्किटं होती, आणि घरातली प्रत्येक वाचवलेली गोष्ट त्या डब्यात पैसे होऊन पडू लागली. दूध अर्ध्या लिटरने कमी झालं. मी बस सोडली आणि चालत जाऊ लागलो. तिने काजं वाढवली, दिवसाला बारा सदरे असायचे ते अठरा. साठचा चाळीस केला त्या संध्याकाळी तिने वर बघितलं आणि म्हणाली, “हुशार आहात हो. काही फरकसुद्धा पडत नाही.” तशी स्तुती फार थोडी मिळत असे. मला आठवतं, मी त्या रात्री बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षाला किती वाचतील त्याचा आकडा काढला होता आणि तो तिला दाखवला होता, एखाद्या मुलाने पाटीवरचं बरोबर आलेलं गणित दाखवावं तसा.

त्यानंतर वर्षभराने. हे मी जितक्या नीट आठवीन तितकं ते माझ्या हातातून निसटेल अशी भीती वाटते, कारण मी ते इतक्या वेळा मनात वाचलंय की आता मूळ कोणतं आणि मी सुधारलेलं कोणतं हे सांगता येत नाही. एवढं नक्की, की माझ्या पिशवीत पुस्तक होतं. माझ्याकडे एका शब्दकोशाचा पहिला खंड होता, जुन्या बाजारात घेतलेला, आणि तो ‘न’वर संपत होता. अकरा वर्षं मी अर्ध्या कोशावर नोकरी केली. ‘न’च्या पुढचा शब्द अडला की दुसऱ्या टेबलावर जाऊन विचारावं लागे आणि तिथला ज्येष्ठ सहकारी म्हणे, “आले बघा, नपर्यंतचे पंडित.” त्या दिवशी रस्त्याच्या कडेला पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडे मला दुसरा खंड दिसला. तोच रंग, तीच बांधणी. माझ्या खिशात जादा कामाचे पैसे होते, शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत रविवारी जाऊन केलेल्या कामाचे. ते मिळणार आहेत हे मी घरी अजून सांगितलं नव्हतं. आनंदाने चकित करावं म्हणून सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते सगळे दिले. घासाघीस करायची मला लाज वाटते. पुस्तक छापखान्यातच ठेवायचं ठरवलं होतं, पण छापखाना त्या दिवसापुरता बंद झाला होता आणि पिशवीत ते वीट असल्यासारखं जड होतं. घरी आलो. ती स्वयंपाकघरात बल्बखाली बसली होती, सुईत दोरा ओवत. पिशवी मी दारामागे ठेवली. तिने मान वर केली आणि विचारलं, “अहो, पुन्हा लहान बल्ब लावलात का?”

आणि मी म्हणालो, “हो.”

का म्हणालो? तेरा वर्षांत मी याला निरनिराळी उत्तरं दिली आहेत. दारामागे ती पिशवी होती. त्या क्षणी मला काटकसरी असणं फार गरजेचं होतं. तिने जे विचारलं त्यात कौतुक येऊ घातलं होतं, आणि मी ते पटकन उचललं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं तसं. “पंचवीसचा,” मी पुढे म्हणालो, कोणी विचारलं नसताना. खोटं बोलणारा नेहमी एक शब्द जास्त बोलतो. ती थोडा वेळ बल्बकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. राहू दे. डोळ्यांना सवय होईल.” आणि स्टूल ओढून ती बल्बच्या अगदी खाली सरकली.

पुढे दोन वर्षं ते पंचवीस आमच्या घरात राहिलं. पाहुण्यासारखं आलं आणि घरच्यासारखं झालं. ती चहा ओतताना थोडा कपाबाहेर पडला की म्हणायची, “तुमच्या पंचवीसमध्ये कपाचा काठ कुठे दिसतो?” कपाटाच्या उघड्या दारावर तिचा डावा खांदा आपटायचा, एकदा तर निळा झाला. मी म्हणायचो, “अगं, बघून चालत जा.” ती म्हणायची, “बघायला काही ठेवलंय का तुम्ही?” मुलगी सुट्टीला आली की तिलाही तो विनोद लागायचा. कंगवा सापडत नाही, बाबांच्या पंचवीसमध्ये गेला. मीठ दोनदा पडलं, बाबांचं पंचवीस. तिघंही हसायचो. मला वाटतं मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो, आणि दर हसण्याबरोबर खरं सांगण्याची वेळ एकेक बोट मागे सरकायची. बिल मात्र उतरलं नाही. तिने एकदा विचारलंही, “बल्ब लहान केला तरी आकडा तेवढाच कसा हो?” मी म्हणालो, दर वाढलेत. दर खरंच वाढले होते, थोडे. त्यामुळे ते खोटं मी खऱ्याच्या बाजूला लिहून ठेवलं.

एकदा मी एक खरोखरचा पंचवीसचा बल्ब विकत आणला होता. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. खोटं मागे घेता येत नाही तर ते खरं तरी करू, म्हणून. ती शिंप्याकडे गेली होती. मी स्टुलावर चढलो, चाळीसचा काढला, पंचवीसचा लावला, बटण दाबलं, आणि खोली पिवळट, तपकिरी, आजारी दिसू लागली. ह्यात तिला काय दिसणार? मी तो काढून पुन्हा चाळीसचा लावला आणि खाली उतरताना माझ्या मनात आलं की आपण किती तिची काळजी घेतो. तेव्हा माझ्या हातात उत्तर होतं. चाळीसमध्ये मला सगळं स्वच्छ दिसत होतं, अगदी सुईचं नेढंसुद्धा. मग तिला का दिसत नव्हतं? तीस वर्षं दोन कागद शेजारी ठेवून फरक शोधणारा मी, मला तो फरक दिसला नाही. की दिसला आणि मी खूण केली नाही? इथे येऊन मी नेहमी थांबतो.

“पैसे दिलेत का त्यांना?” बायकोने विचारलं. वायरमन बाहेरच्या खोलीतलं आवरून दारात उभा होता. मुलीने दिलेत, म्हणाला. मग मान आत घालून म्हणाला, “आजी, आता बघा कसा लख्ख उजेड पडतो,” आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. तो कसनुसा झाला. ती हसून म्हणाली, “पडू दे हो. ह्यांना उपयोग होईल. एवढी वर्षं माझ्यामुळे अंधारात वाचत होते.” तो गेला. दार लागलं. मी बल्ब हातात धरूनच स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसलो, पूर्वी प्रुफं घेऊन बसायचो तिथेच. खिडकीतला उजेड उतरत चालला होता. मटारच्या टरफलांचा हिरवा वास येत होता. मला वाटलं आता ती विचारेल. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. विचारलेल्याला उत्तर देता येतं. पण ती शेंगा सोलत राहिली. माझ्या मनात आलं, एकावन्न वर्षांत हिने माझ्या कुठल्या शब्दाची कधी शहानिशा केली नाही. पगार किती, ते मी सांगेन तेवढा. डॉक्टर काय म्हणाले, ते मी वाचून दाखवेन तेवढं. आता तर पेपरपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं जग तिच्याकडे माझ्या तोंडून जातं. त्या तोंडातला एक शब्द खोटा निघाला, तर बाकीच्यांचं काय? आज तिच्या डोळ्यांत थेंब टाकताना, दाब वाढू नये म्हणून ते अजून चालूच आहेत, मी म्हणेन, बाटलीत अजून आठ दिवसांचं आहे, आणि ती मनात म्हणेल, असेल का?

तिचा आजार मुलीनेच पकडला. शेवटच्या वर्षाला होती, दिवाळखोर झालेल्या माणसांसारखे आम्ही तिघं चौथ्या हप्त्याच्या मागे लागलो होतो. ती घरी आली होती, आईच्या शेजारी बसून काहीतरी सांगत होती, आणि बोलता बोलता तिने पाण्याचा पेला आईच्या डावीकडून पुढे केला. आई पुढे बघत राहिली. मुलीने पेला हलवला. काही नाही. मग तिने आवाज न बदलता, गोष्ट तशीच चालू ठेवून, दुसरा हात आईच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली, आणि तो जवळजवळ नाकासमोर आल्यावर आई म्हणाली, “हे काय करतेस गं?” मुलीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती नर्स झाली होती, परीक्षा व्हायच्या आधीच. “आई, तुला कधीपासून असं होतंय?” “कसं?” “बाजूचं दिसत नाहीये तुला.” आई हसली. “दिवसा दिसतं की. म्हणजे जरा ढगाळ वाटतं. घरात तर तुझ्या बाबांचं पंचवीस.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची खोली मुद्दाम अंधारी केलेली होती. बायकोने हनुवटी यंत्रावर टेकवली होती, आणि त्या बारीक पांढऱ्या उजेडात तिचा डोळा मला इतका मोठा, इतका उघडा दिसला की मी नजर काढून घेतली. मांडीवर फाइल होती, तिच्यावरचं तिचं नाव लिहिताना कोणीतरी वेलांटी चुकवली होती, आणि मी त्या वेलांटीकडे बघत राहिलो. काचबिंदू, बाई म्हणाल्या. हा कडेकडेने अंधार आणत जातो. दुखत नाही, खुपत नाही. माणसाला वाटतं, उजेडच कमी झालाय. “किती दिवस झाले असं वाटायला?” बायको म्हणाली, “दोन वर्षं झाली असतील. पण ह्यांनी बल्ब लहान लावला होता ना घरात. मला वाटलं, त्यानेच.” बाईंनी यंत्र बाजूला सारलं. गेलेली नजर परत येत नाही, त्या म्हणाल्या, राहिलेली जपायची. तेव्हाच आला असता तर बरीच जपता आली असती. आता थेंब रोज, न चुकता, आणि जमतील तितकी वर्षं. मुलगी माझ्याकडे वळली. “बाबा! तुमचं ते पंचवीस!” तिच्या आवाजात पहिल्यांदाच विनोद नव्हता. तिने रस्ताभर मला ऐकवलं. पै-पै वाचवायच्या नादात माणूस माणसाला आंधळं करतो, असं ती म्हणाली, रस्त्यात, लोक बघत असताना. मी ऐकून घेतलं. मी चिक्कू आहे हा आरोप मी खाली मान घालून घेतला, कारण तो घेतला की दुसरा घ्यावा लागत नव्हता. तो मला स्वस्तात पडला. आई मधेच म्हणाली, “ओरडू नकोस गं त्यांना. तुझ्याच फीसाठी लावला होता.” मुलगी मग रडायला लागली. त्यामुळे आता तिच्याही वाट्याला थोडं आलं, जे तिचं नव्हतं. घरी येऊन तिने नवा साठचा बल्ब आणायचं काढलं तर आई म्हणाली, “आता काय करायचाय? थेंबांना पैसे लागतील.” म्हणून चाळीसचा तिथेच राहिला.

आठ वर्षं थेंब पुरले, म्हणजे नजर पुरली, दर वर्षी थोडी थोडी खर्च होत. मग संपली. माझी नोकरी त्याच सुमाराला संपली आणि मी टेबलाचा खण रिकामा करून घरी आलो, त्यात शब्दकोशाचा दुसरा खंड होता. दहा वर्षं तो तिथे लपवून ठेवला होता. तो मी बाहेरच्या खोलीत दुसऱ्या फळीवर पहिल्या खंडाशेजारी उघडपणे ठेवला. आता लपवायची गरज नव्हती. तिला दिसत नाही म्हणून मी पुस्तक उघड्यावर ठेवलं, आणि शेजारी शेजारी ते दोन खंड बघून मला त्या दिवशी बरं वाटलं.

“अगं,” मी उंबरठ्यावरून म्हणालो, “तो बल्ब.”

“चाळीसचा होता,” ती म्हणाली. “ऐकलं मी. डोळे गेलेत, कान आहेत.”

मग मी सगळं सांगितलं. पिशवी, जादा कामाचे पैसे, पुस्तक, दर वाढले म्हणालो ते, पंचवीसचा आणून परत काढला ते, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गप्प बसलो ते. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. माझा आवाज मला छापखान्यातल्या कोणा दुसऱ्याचा वाटत होता. मजकूर संपला तेव्हा खिडकी जवळजवळ काळी झाली होती आणि आम्ही दोघं अंधारात होतो, सवयीने. तिने ताटली बाजूला सारली.

“तो जाडा ग्रंथ ना?” ती म्हणाली. “दुसऱ्या फळीवरचा. दर आठवड्याला धूळ झटकते मी त्याची. एकाचे दोन झाले एवढं बोटांना कळतं हो. वाटलं, सांगाल कधीतरी.”

मी बाहेरच्या खोलीकडे, त्या फळीच्या दिशेने मान वळवली.

“आणि बल्बचं मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“चाळीसचाच आहे हे. तुम्ही सांगितल्यावर दोन-तीन दिवसांनी मी स्टुलावर चढून बघितलं होतं. लिहिलेलं होतं की स्पष्ट, काचेवर. चाळीस.”

“मग बोलली का नाहीस? डॉक्टरकडे का नाही गेलो आपण?”

“दुसरा हप्ता तोंडावर आला होता. डॉक्टर म्हणजे आधी तपासणी, मग चष्मा, मग आणखी काय काय. म्हटलं, हे म्हणतायत ना पंचवीस, तर पंचवीस. पोरीचं होऊन जाऊ दे, मग बघू.” ती मांडीवरची टरफलं गोळा करू लागली, एकेक, एकही खाली न सांडता. “तेव्हा सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर घालू नका. निम्मं माझं आहे ते.”

माझ्या छातीतून काहीतरी मोठं निघून गेल्यासारखं झालं. मी तिच्याकडे बघितलं, अंधारात तिचे केस तेवढे दिसत होते. तेरा वर्षं. तिला माहीत होतं. दोघांनी मिळून एकच खोटं सांभाळलं, एका वेळी एक दिवा लावावा तसं. मी श्वास घेतला. आणि माझा अंगठा, जो इतका वेळ त्या बल्बवर फिरत होता, पितळी टोपीवर थांबला. टोपीवर ठोकलेला तो आकडा अंगठ्याखाली खरखरीत लागत होता. मी बल्ब फिरवला. काच सगळीकडून गुळगुळीत होती. वायरमनने बाहीने पुसली होती आणि त्याला तिथे काही सापडलं नव्हतं. आकडा फक्त टोपीवर होता, आणि टोपी, बल्ब लावलेला असताना, होल्डरच्या आत असते. स्टुलावर चढून, कितीही धडधाकट डोळ्यांनी, तो कोणालाही वाचता आला नसता.

ती स्टुलावर चढली नव्हती. तिने काही वाचलं नव्हतं. तिने माझा शब्द धरला होता आणि त्याच्या उजेडात दोन वर्षं काजं केली होती. आणि आता, शेंगा सोलता सोलता, एवढ्या थोड्या वेळात, तिने मला देण्यासाठी काहीतरी शोधून काढलं होतं, आणि ते करताना तिच्याकडून एक चूक राहिली होती, कारण तो बल्ब तिने हातात कधी धरलाच नव्हता.

“बघू,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मी बल्ब तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो दोन्ही हातांत घेतला, कानाशी नेऊन हलवला, आतली तार शाबूत आहे का ते ऐकलं. “चालू आहे हा,” ती म्हणाली. “टाकू नका.” मग तिची बोटं काचेवरून फिरू लागली, हळूहळू, गोल, टोपीपर्यंत आली, तिथे जराशी रेंगाळली, आणि पुन्हा वर काचेवर गेली. एका जागी तिने अंगठा टेकवला. तिथे काहीही नव्हतं.

“इथेच होतं ना लिहिलेलं?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.